आई-बाबांना अमेरिकन न्याहारी कशी समजावून सांगायची?

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा कराडहून आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. ही त्यांची दुसरी खेप. मागच्या वेळी एका रविवारी सकाळी आम्ही त्यांना डायनरमध्ये, म्हणजे इथल्या साध्या हॉटेलात, घेऊन गेलो होतो. बाबा निवृत्त शिक्षक. पानात काय आहे, कशाचं आहे, कसं करतात हे विचारल्याशिवाय ते घास उचलत नाहीत, आणि हे ते कौतुकानेच विचारतात. त्या दिवशी वेट्रेसने एका दमात विचारलं: अंडी कशी हवीत, टोस्ट कुठला, बटाटा की ग्रिट्स, बेकन की सॉसेज, कॉफी आणू का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी "राहू द्या बाबा, मी सांगते" म्हणाले आणि त्यांच्यासाठी ऑम्लेट मागवून टाकलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "पोट भरलं गं, पण आपण काय खाल्लं ते काही कळलं नाही."

चौदा वर्षं इथे राहून मला त्यांना धड सांगता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं. म्हणून यंदा आधीपासून तयारी करतेय. मला जे समजलंय ते लिहिते. चुकलं असेल तर सांगा आणि आपापल्या भागातली भर घाला.

आधी ते अंड्याचं. 'सनी साइड अप' म्हणजे तव्यावर फोडलं आणि उलटलंच नाही, बलक वर तसाच. 'ओव्हर ईझी' म्हणजे उलटलं, पण बलक वाहता. 'ओव्हर मीडियम'मध्ये तो अर्धवट धरलेला आणि 'ओव्हर हार्ड'मध्ये पुरता शिजलेला. आमच्या घरात वाहता बलक कुणालाच चालत नाही, त्यामुळे बाबांना एकच शब्द शिकवायचा, ओव्हर हार्ड. 'स्क्रॅम्बल्ड'ला आपण भुर्जी म्हणून मोकळे होतो आणि तिथेच फसगत होते. त्यात कांदा, मिरची, हळद काही नसतं. ती मऊ, दुधाळ, फिकी असते आणि तशीच असायला हवी.

बटाट्याचे दोन प्रकार. 'होम फ्राइज' म्हणजे फोडी करून कांद्याबरोबर तव्यावर परतलेले, आपल्या काचऱ्यांचे जवळचे नातेवाईक. 'हॅश ब्राउन' म्हणजे किसलेला बटाटा तव्यावर पसरून दाबून कुरकुरीत केलेला. टोस्टमध्ये 'राय' म्हटलं की त्यात बहुधा कॅरवेचे दाणे येतात, वास शहाजिऱ्याच्या जवळचा. आईला तो नक्की आवडेल. 'इंग्लिश मफिन' म्हणजे गोड केक नव्हे. तो गोल, चपटा, बिनगोडाचा पाव असतो, मधोमध फाडून भाजतात.

बाबांनी तेव्हा आणखी एक विचारलं होतं: "हे हॉटेल रेल्वेच्या डब्यासारखं का?" आता उत्तर मिळालंय. 1872 साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. त्या गाड्या वाढत गेल्या, पुढे कारखान्यात अख्खं हॉटेल बांधून जागेवर नेऊन ठेवू लागले. रस्त्यावरून न्यायचं म्हणून ते लांब आणि अरुंद. न्यू जर्सीत असे कारखाने बरेच होते, आणि आज डायनरही इथेच सर्वांत जास्त. चालवणारी कुटुंबं पुष्कळदा ग्रीक, म्हणून पॅनकेकच्या शेजारी मेनूत ग्रीक सॅलड दिसतं.

आमच्याकडचा खास पदार्थ म्हणजे डुकराच्या मांसाची गोल चकती, अंडं आणि चीज पावात घालून. ट्रेंटनच्या जॉन टेलरने 1856 मध्ये ती बनवली. उत्तर जर्सीत तिला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेत पोर्क रोल, आणि त्यावरून लोक खरोखर हमरीतुमरीवर येतात. आई-बाबा डुकराचं खात नाहीत, पण माहिती म्हणून सांगणार आहे.

ग्रिट्स, बिस्किट-ग्रेव्ही आणि सीरिअल या तिन्हींबद्दल मला नीट सांगता येत नाही. कुणी सांगेल का?

अटलांटाकर

गवतीचहा, धागा फार आवडला. ग्रिट्सचं मी सांगतो, कारण इथे जॉर्जियात 2002 मध्ये कायदा करून ग्रिट्सला राज्याचा अधिकृत शिजवलेला पदार्थ ठरवलंय.

बाबांना सांग, ग्रिट्स म्हणजे कण्या. मक्याच्या कण्या. आपल्याकडे ज्वारी भरडून, चाळून, कण्या शिजवून ताकाबरोबर खातात, अगदी तेच. हा पदार्थ गोऱ्यांनी आणलेला नाही. इथले मूळ रहिवासी मका भरडून शिजवत होते, त्यांच्याकडून तो आलेल्यांनी घेतला. दक्षिणेत गुलामगिरीत राबलेल्या आफ्रिकन लोकांच्या हातून त्याला आजची चव आली. चार्ल्सटनच्या बाजूला कोळी लोक न्याहारीला कोळंबी आणि ग्रिट्स खायचे. तोच पदार्थ आता मोठ्या रेस्टॉरंटमध्ये भरपूर पैसे मोजून मिळतो.

मेनूत 'हॉमिनी' शब्द दिसला तर तो मका आधी चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून साल काढलेला असतो. या चुन्याचं फार महत्त्व आहे. मूळ रहिवासी मका असाच खायचे, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागायचं. नंतरच्या लोकांनी मका घेतला, चुना सोडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या गरिबांमध्ये पेलाग्राची, म्हणजे नायसिन कमी पडून होणाऱ्या रोगाची, साथच आली. 1914 पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी त्याचा माग काढला आणि हा संसर्ग नाही, निकस आहाराचा रोग आहे, हे दाखवून दिलं. शिक्षक माणसाला ही गोष्ट जरूर सांग.

खायचं कसं? मीठ, लोणी, मिरपूड, हवं तर चीज. साखर घालायची की नाही यावर इथल्या घराघरांत दोन तट आहेत. पहिल्यांदा खाणाऱ्याने मीठ-लोण्यानेच सुरुवात करावी. आणि डायनरमधल्या पाच मिनिटांच्या 'क्विक' ग्रिट्सवरून मत बनवू नका. जात्यावर दळलेल्या, पाऊण तास मंद आचेवर रटरटलेल्या ग्रिट्सची चव वेगळीच.

आता बिस्किट. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर चहात बुडवायचं बिस्किट येतं. इथे तो मऊ, पापुद्रे सुटणारा, गरम छोटा पाव असतो. यीस्ट नाही, बेकिंग पावडर आणि बटरमिल्कने फुगवलेला. पीठ मळायचं नाही, थंडगार लोणी पिठात बोटांनी चुरडायचं आणि कमीत कमी हात लावून थापायचं. दक्षिणेतल्या गव्हात चिवटपणा कमी, म्हणून इथलं बिस्किट इतकं हलकं होतं. उत्तरेत पावाच्या पिठाचं केलं की ते दडस होतं.

त्यावरची पांढरी ग्रेव्ही म्हणजे सॉसेज तळून उरलेल्या चरबीत मैदा परतायचा, दूध ओतून दाट करायचं, भरपूर मिरपूड घालायची. पीठ लावून दाट करायचं म्हणजे पद्धत पिठल्याच्या जवळची. तिला 'सॉमिल ग्रेव्ही'ही म्हणतात, लाकूड कापणाऱ्या कामगारांच्या तळांवरून पडलेलं नाव. दिवसभर करवत ओढणाऱ्या माणसाला स्वस्तात पोटभर खाणं हवं होतं, त्यातून ती आली. हे कळल्यावर त्या ताटाकडे बघण्याची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली.

केळफूल

खूप छान माहिती. माझ्या सासूबाई पुढच्या महिन्यात येताहेत. त्या अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांना यातलं काय देता येईल? बाहेर नेलं की त्या फक्त फळं खाऊन उठतात, आणि मग मलाही घास उतरत नाही.

पाणपोई

केळफूलताई, माझं घर पूर्ण शाकाहारी, बिनअंड्याचं आहे आणि इथे बावीस वर्षं झाली. अनुभवाने शिकलेलं सांगते.

'व्हेजिटेरियन' म्हटलं की इथे अंडं गृहीत धरतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट, मफिन या सगळ्यांत अंडं असतं. बिस्किटात बहुतेक वेळा अंडं नसतं, पण काही ठिकाणी लोण्याऐवजी डुकराची चरबी वापरतात. तिला लार्ड म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवून विचारा. ग्रिट्स कधी कधी कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवतात, तेही विचारा. बटाटे आणि बेकन एकाच तव्यावर होतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी डायनरमध्ये बटाटा टाळावा.

जिलेटिन सगळ्यांत फसवं. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मार्शमेलो घातलेली सीरिअल, साखरेचा थर दिलेले काही पदार्थ, काही दही, सगळीकडे ते सापडतं. डब्यावरची यादी वाचायची सवय लावावी लागते. एका मोठ्या फास्ट फूड साखळीच्या बटाट्यात गोमांसाचा अर्क असल्यावरून खटला झाला होता आणि 2002 मध्ये तिने तडजोड करून हिंदू व शाकाहारी संस्थांसह इतरांना मिळून एक कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. म्हणून सांगते, तळलेला बटाटा दिसला की तो शाकाहारीच असेल असं धरून चालू नका.

आता चांगली बातमी. ओटमील सगळीकडे मिळतं. दुधात की पाण्यात ते विचारा, वर अक्रोड, बेदाणे, ब्राउन शुगर घालून घ्या. साधा बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) बिनअंड्याचा असतो, 'एग बेगल' तेवढा टाळायचा. आणि 'क्रीम ऑफ व्हीट' हे नाव पाठ करून ठेवा. 1893 मध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या एका पिठाच्या गिरणीत ते सुरू झालं. मैदा काढताना वेगळा होणारा गव्हाचा रवा तो. अमेरिकन लोक तो दुधात शिजवून गोड खातात, पातळ खिरीसारखा. आपल्या इथल्या कितीतरी घरांत पहिल्या काही वर्षांत त्याचाच उपमा आणि त्याचाच प्रसादाचा शिरा झालाय. माझ्या सासूबाईंनी तो हातात घेऊन बोटांत चोळला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर रवाच!" त्या दिवसापासून सकाळचा प्रश्न मिटला.

डोंगरवाट

पॅनकेकबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. खरं तर मला पॅनकेकपेक्षा त्यावर ओततात त्या मेपल सिरपबद्दल लिहायचं आहे.

पॅनकेकला आपण घावन म्हणतो, पण घावन पातळ, जाळीदार. पॅनकेक जाड, फुगलेला, स्पंजसारखा. तो असा जाड असतो तो सिरप पिऊन घेण्यासाठी. म्हणून सिरप खोटं असेल तर सगळा पॅनकेक वाया. बहुतेक स्वस्त ठिकाणी टेबलावर जी बाटली असते ती मक्याच्या साखरेचा पाक, रंग आणि वास घातलेला. लेबलवर फक्त 'पॅनकेक सिरप' लिहिलं असेल तर त्यात मेपल नाही असं समजा. खरं हवं असेल तर 'प्युअर मेपल सिरप' मागायचं. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात, ते द्यावेत.

गवतीचहा, तुझे बाबा कराडचे ना? मग त्यांना समजवायला सोपं आहे. व्हरमाँटमध्ये 'शुगरहाउस' म्हणतात ते म्हणजे गुऱ्हाळ. मी साताऱ्याकडचा, लहानपणी चुलवणाशेजारी बसून काकवी चाखलेला. मार्चमध्ये पहिल्यांदा शुगरहाउसच्या दारात उभा राहिलो, तोंडावर ती गोड वाफ आली आणि क्षणभर मी गावातच होतो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, असं हवामान असेल तेव्हाच झाडातून रस वाहतो. खोडाला बारीक भोक पाडून तो गोळा करतात. झाड भोक पाडण्याजोगं व्हायला साधारण चाळीस वर्षं लागतात. आज रस काढणाऱ्याच्या बापाने किंवा आजाने ते राखलेलं असतं. हा रस उसासारखा गोड नसतो. पाण्यासारखा पातळ, साखर जेमतेम दोन टक्के. म्हणून 40 गॅलन रस आटवला की 1 गॅलन सिरप हाती येतं. आपल्या मापात, सुमारे दीडशे लिटर आटवून पावणेचार लिटर. लांब, पसरट काहिलीत तो उकळत ठेवतात. फेस वर यायला लागला की जुने लोक सायीचा एक थेंब टाकतात, फेस लगेच बसतो. आपल्याकडे रस निवळायला भेंडीचं पाणी घालतात ते आठवलं.

हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी आणि नाजूक चवीचं, शेवटचं गडद आणि काकवीसारखं दणकट. आपल्या लोकांना गडद आवडतं, पैज लावून सांगतो. व्हरमाँटमध्ये गरम सिरप ताज्या बर्फावर ओततात, ते चिकट टॉफीसारखं होतं, आणि ते खाताना सोबत काकडीचं आंबट लोणचं देतात. गोडाचा कंटाळा आला की लोणच्याचा घास, मग परत गोड. हे तर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

हेही आधी इथल्या अबेनाकी आणि इतर मूळ रहिवाशांचंच ज्ञान. आज अमेरिकेत सर्वांत जास्त मेपल सिरप व्हरमाँटचं, जगात कॅनडातल्या क्वेबेकचं.

बाणकोटकर

सगळं वाचलं. पण एक विचारू का? आई-वडील या वयात दीड दिवसाचा प्रवास करून मुलांना भेटायला येतात. त्यांना सकाळी गरम पोहे आणि चहा द्यावा, की लोणी-साखरेचं जड खाणं? माझ्या वडिलांना मधुमेह आहे. बाहेरच्या नाश्त्यानंतर दोन दिवस त्यांची साखर वर होती. तेव्हापासून मी हे बंदच केलं.

गवतीचहा

बाणकोटकर, तुमची काळजी अगदी रास्त आहे. रोज घरी पोहे, उपमा, थालीपीठच असणार. हे महिन्यातून दोन-तीनदा, ठरवून. बाबांनाही साखरेचा त्रास आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी अंडी, राय टोस्ट, ग्रिट्स थोड्या, आणि पॅनकेक सगळ्यांत मिळून एक, असा विचार आहे.

पण त्यांना हे हवं असतं हो. मागच्या वेळी ते शेजारच्या टेबलावरच्या ताटांकडे बघत होते आणि मला विचारायला संकोचत होते, ते माझ्या लक्षात आहे. आपली मुलगी ज्या लोकांत राहते ते सकाळी काय खातात, हे त्यांना समजून घ्यायचंय.

डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. बाबा मागून म्हणाले, "चाळीसाला एक? आमच्याकडे गूळ परवडत नाही म्हणतात!"

सीरिअलचं कुणी सांगेल का? थंड दुधात कोरडं धान्य, हे आईला पटतच नाही.

मधली_आळी

सीरिअलचं समजायला थोडं मागे जावं लागेल. शेतावरच्या अमेरिकेची न्याहारी जड होती: मांस, बटाटे, मक्याची भाकर आणि सारण भरून भाजलेला 'पाय' (pie). पहाटे गोठ्यात दोन तास काम करून आलेल्या माणसाला ती पचत होती. लोक शहरात आले, बसून कामं करू लागले, ताट मात्र तेच राहिलं. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन माणूस अपचनाने हैराण होता. त्या काळची औषधांच्या जाहिरातींची पानं त्यानेच भरलेली असत.

मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे, कट्टर शाकाहारी. मांस, चहा, कॉफी सगळं वर्ज्य. रुग्णांना पचायला हलकं धान्य द्यायचं म्हणून प्रयोग चालू होते. 1894 च्या सुमारास शिजवलेला, शिळा झालेला गहू लाटला आणि त्याची पोळी न होता एकेक दाण्याची पापडी पडली. ती भाजली, आणि फ्लेक्स तयार झाले. म्हणजे एका अर्थी चपटे पोहेच, फक्त कुटण्याऐवजी रुळाखालून काढलेले. आईंना हे असं सांगून बघ.

पुढे धाकटे भाऊ विल यांनी मक्याचे फ्लेक्स बाजारात आणायचं ठरवलं, चवीला साखर घातली, 1906 मध्ये कंपनी काढली. डॉक्टरांना ते अजिबात रुचलं नाही, भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याआधी याच आरोग्यधामात रुग्ण म्हणून राहिलेले सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी 1897 मध्ये ग्रेप-नट्स आणलं. त्यात द्राक्षंही नाहीत आणि नट्सही नाहीत, गहू आणि जव आहे. साखरेने लडबडलेली रंगीत सीरिअल नंतरची, मुलांसाठी. आई-बाबांना द्यायचं तर साधं श्रेडेड व्हीट किंवा ओट्स द्यावं. आणि गरम दूध घालायला कुणाचीही बंदी नाही.

बेकन आणि अंडी ही जोडीसुद्धा नुसती परंपरा नाही. ती जुनी आहे हे खरं, पण लोक हलक्या नाश्त्याकडे वळू लागल्यावर 1920 च्या दशकात बीच-नट कंपनीने प्रसिद्धीचं काम करणारे एडवर्ड बर्नेज यांना बेकनचा खप वाढवायचं काम दिलं. त्यांनी एका डॉक्टरकडून देशभरच्या डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, भरपेट न्याहारी चांगली की हलकी? बहुतेकांनी भरपेट म्हटलं. ते वर्तमानपत्रांत छापून आणलं, बेकन-अंड्याचं नाव जोडून. आज आपण पाहुण्यांना 'अस्सल अमेरिकन' म्हणून जे ताट दाखवतो, त्यात शेतकरी, धर्मप्रचारक आणि जाहिरातवाला असे तिघेही बसलेले आहेत.

रानजाई

वा! मला रस्त्यावरच्या मोटेलमधल्या नाश्त्याबद्दल लिहायचं आहे, कारण पाहुण्यांना नायगारा किंवा ग्रँड कॅन्यन दाखवायला नेतो तेव्हा सकाळी तोच असतो. फुकट असतो आणि त्यात ते वॉफलचं यंत्र असतं.

आधी यंत्रावर तेलाचा फवारा मारायचा, मग कपातलं पीठ ओतायचं, झाकण लावायचं आणि दांडा धरून अख्खं यंत्र उलटं करायचं. हे उलटं करणं आपले लोक विसरतात. दोनेक मिनिटांनी शिट्टी वाजते. पुन्हा सरळ करून लाकडी काट्याने काढायचं. माझ्या आईला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ती रांगेतल्या प्रत्येकाला मदत करत होती. एका जपानी जोडप्याला तिने खुणांनी सगळं शिकवलं.

या मोटेलांतली पुष्कळशी गुजराती कुटुंबांची, बहुतेक पटेलांची. ॲरिझोनात एका ठिकाणी मालकीणबाईंनी आईची साडी पाहिली आणि आतून स्वतःच्या घरातला आल्याचा चहा आणून दिला. मागे त्यांचं घरच होतं. आई अजूनही त्या बाईंबद्दल बोलते.

चहावरून आठवलं. हॉटेलात चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी. सोबत 'हाफ अँड हाफ' मागा. अर्धं दूध, अर्धी साय असं ते असतं. त्याने रंग तरी चहासारखा येतो. 'हॉट टी' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर दक्षिणेत बर्फ घातलेला गोड चहा समोर येतो. कॉफी मात्र संपली की पुन्हा भरतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुरे झाली की कपावर हात ठेवायचा, एवढं आई-बाबांना आधी सांगून ठेवा. बाबा बिचारे अन्न टाकायचं नाही म्हणून चार कप कॉफी प्यायले होते.

अटलांटाकर

वॉफल निघालं म्हणून एक सांगतो. आमच्या गावाजवळ ॲव्हंडेल इस्टेट्समध्ये 1955 साली वॉफल हाउस सुरू झालं. चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस उघडं. चक्रीवादळानंतर ते उघडं आहे, अर्धाच मेनू देतंय की बंद आहे, यावरून आपत्ती निवारणवाले त्या भागाची हालत ताडतात. तिथे हॅश ब्राउनची भाषाच वेगळी: 'स्कॅटर्ड' म्हणजे तव्यावर पसरून, 'स्मदर्ड' म्हणजे कांदा घालून, 'कव्हर्ड' म्हणजे वर चीज. पाहुण्यांना काउंटरवर बसवा. स्वयंपाकी समोरच असतो, बघत बघत सगळं कळतं.

पाणपोई

टेक्सासला जाणार असाल तर ब्रेकफास्ट टाको चुकवू नका. मैद्याच्या मऊ पोळीत अंडं-बटाटा-चीज, वर तिखट साल्सा. बिनअंड्याचा बटाटा आणि बीन्सचा मिळतो, फक्त बीन्समध्ये आणि पोळीत लार्ड नाही ना ते विचारा. कितीतरी दिवसांनी तिखट लागलं की आपल्या माणसांचा चेहरा उजळतो. बेगल न्यूयॉर्कलाच खा. आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, म्हणून तो असा चिवट. पोलंडकडून आलेल्या ज्यू लोकांनी तो इथे आणला. आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली डोनटची छोटी दुकानं बघा, पुष्कळशी कंबोडियातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांनी उभी केलीत.

गवतीचहा

सात आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल क्षमस्व. आई-बाबा आले आणि गेल्या रविवारी आम्ही त्याच डायनरमध्ये गेलो.

या वेळी मी मध्ये बोलले नाही. बाबांनी धाग्यातून वहीत टिपून घेतलं होतं. वेट्रेसने विचारलं तसं त्यांनी शांतपणे सांगितलं: दोन अंडी ओव्हर हार्ड, राय टोस्ट, मांस नको, बटाट्याऐवजी ग्रिट्स. मग त्यांनी तिला विचारलं, या हॉमिनी आहेत का? तिला माहीत नव्हतं, ती आत जाऊन विचारून आली. नव्हत्या. मग दोघांचं चुन्यावरून पाच मिनिटं बोलणं झालं. तिची आजी अलाबामाची, ती राखेच्या पाण्यात मका भिजवायची, असं ती म्हणाली. बाबांनी तेही वहीत लिहिलं.

पॅनकेक चौघांत एक घेतला, गडद मेपल सिरपचे जास्तीचे पैसे देऊन. डोंगरवाट, पैज तुम्ही जिंकलात. आईने चमच्यावर थोडं घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकवीला धुराचा वास असतो, याला लाकडाचा आहे."

आता आईचा प्रश्न. दुकानातून दगडी जात्यावरच्या पिवळ्या ग्रिट्स आणल्यात. तिला त्या ताकातल्या कण्यांसारख्या करायच्यात, वर लसणाची फोडणी. पाण्याचं प्रमाण किती घ्यायचं? इथलं बटरमिल्क चालेल का?

अटलांटाकर

एका वाटीला चार वाट्या पाणी, दगडी जात्यावरच्या असतील तर जवळ आणखी एक वाटी गरम पाणी ठेवा, लागेल. रात्री भिजवल्या तर वर तरंगणारा कोंडा काढून टाका. पाऊण तास मंद आच, आणि दर चार-पाच मिनिटांनी ढवळायचं, नाहीतर खाली लागतात. इथलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, ताकासारखं पातळ नाही, म्हणून निम्मं पाणी घालून घुसळून घ्या. आणि ते गॅस बंद करून थोडं निवल्यावरच घाला, फाटेल.

काकूंनी केलं की इथे फोटो टाका.